कोण उठणार, कुठे बसणार

रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास माझ्या लॅपटॉपवर एक ओळ उमटली. मराठीत सांगायचं तर ‘तुम्हाला टेबल क्रमांक ५ वर हलवण्यात आलं आहे.’ कुणी हलवलं, का हलवलं, मलाच का, यातलं काहीही त्या ओळीत नव्हतं. पोकरची एक ऑनलाइन स्पर्धा चालू होती. चारशेच्या आसपास लोकांनी सुरुवात केली होती, त्यातले साठ-बासष्ट उरले होते आणि बक्षिसं पहिल्या ५४ जणांना होती. माझ्याकडे काही वेळापूर्वी २४,००० चिप्स होत्या. नव्या टेबलावर बसल्यावर एक डाव गेला, आणि मी नुकतेच भरलेले सक्तीचे पैसे पुन्हा भरावे लागले. पाच डावांत ६,००० चिप्स, म्हणजे होत्या त्याच्या चौथा हिस्सा, एकही पत्ता न खेळता गेल्या. मग घायकुतीला येऊन सत्त्यांच्या जोडीवर सगळं लावलं आणि एकसष्टावा येऊन बाहेर पडलो. शुल्क पन्नास डॉलर. घरात सगळे झोपलेले, त्यामुळे ओरडताही आलं नाही.

पैशांचं फार नाही. महिन्यातून एकदा खेळतो, ठरवून खेळतो, आणि तेवढ्यात दोघांचं बाहेरचं जेवण झालं असतं हे घरी ऐकून घेतो. (न्यू जर्सीत २०१३ च्या नोव्हेंबरपासून हा प्रकार कायदेशीर आहे. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तुम्ही आणखी कुठे राहत असाल तर तिथलं तुम्ही बघा.) पण त्या रात्री जी शंका आली ती पैशांपेक्षा जास्त दिवस टिकली. मित्राला फोन केला तर तो म्हणाला, “सगळं सेट असतं रे. आधीच ठरलेलं असतं कुणाला काढायचं.” मला ते पटलं नाही आणि खोडूनही काढता आलं नाही. म्हणून हा लेख. पत्त्यांबद्दल नाही, खुर्च्यांबद्दल.

जे पोकर खेळत नाहीत त्यांनी इथे सोडून जाऊ नये, कारण तुम्ही दिवाळीत तीन पत्ती खेळलेले असणारच. तीन पत्तीत प्रत्येक डावाला प्रत्येक जण बूट टाकतो. मग तुम्ही गादीवर कुठेही बसा, आजीशेजारी किंवा दाराजवळ, खर्च सारखाच. आज जगभर जे पोकर खेळलं जातं, टेक्सस होल्डेम, त्यात तसं नाही. तिथे प्रत्येक डावाला दोघांनीच सक्तीने पैसे टाकायचे, एकाने कमी आणि त्याच्या डावीकडच्याने दुप्पट. त्यांना स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणतात. वाटणाऱ्याची खूण म्हणून एक गोल चकती, बटन, दर डावाला एक घर डावीकडे सरकते आणि तिच्यामागून ही दोन ओझीही सरकतात. म्हणजे प्रत्येकाला फेरीत एकदा बिग भरावा लागतो, पुढच्या डावाला स्मॉल, आणि मग उरलेली फेरी फुकट पत्ते बघायला मिळतात. तीन पत्तीत खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची. होल्डेममध्ये खुर्ची म्हणजे पुढचा हप्ता कधी भरायचा त्याची तारीख.

एकच टेबल असेल तर यात काही अडचण नाही. स्पर्धेत टेबलं अनेक असतात, माणसं बाद होत जातात आणि टेबलं असमान होतात. हे असमान राहू दिलं तर काय होतं त्याचा हिशेब करून बघा. ब्लाइंड ५०० आणि १,०००, म्हणजे फेरीला दीड हजार. नऊ जणांच्या टेबलावर ३६ डावांत चार फेऱ्या होतात, ६,००० गेले. सहा जणांच्या टेबलावर त्याच ३६ डावांत सहा फेऱ्या, ९,००० गेले. हातात १५,००० असलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. हल्ली कॅसिनोत आणखी एक पद्धत आली आहे. सगळ्यांच्या वाटची अँटी बिग ब्लाइंडवालाच भरतो, म्हणजे वाटणाऱ्याला सुट्ट्या चिप्स गोळा करत बसावं लागत नाही. ती धरली तर हेच आकडे १०,००० आणि १५,००० होतात. ऑनलाइनवर बहुधा अजून दर डावाला प्रत्येकाकडून थोडी थोडी अँटी कापतात, बुटासारखीच, त्यामुळे फरक तेवढा वाढत नाही. पण राहतो. आता काही पट्टीचे खेळाडू छोट्या टेबलावर खूश असतात, भित्र्या लोकांचे ब्लाइंड लुटायला मिळतात म्हणून. मी त्यांतला नाही, आणि नियम त्यांच्यासाठी करायचे नसतात.

म्हणून माणसं उचलून हलवायची. पण कुणाला, आणि कुठे?

प्रत्यक्ष समोरासमोर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांच्या संचालकांची टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची एक संघटना २००१ मध्ये निघाली आणि तिने सर्वमान्य नियम लिहून काढले. टेबलं समतोल करण्याचा त्यांचा नियम मला त्या अख्ख्या नियमावलीत सगळ्यात सुंदर वाटतो. भरलेल्या टेबलावर ज्याची पुढच्या डावाला बिग ब्लाइंड भरायची पाळी आहे त्याला उठवायचं, आणि रिकाम्या टेबलावर त्याला सगळ्यात वाईट जागा द्यायची, म्हणजे जिथे बिग ब्लाइंड सगळ्यात लवकर येईल ती. स्मॉल ब्लाइंडची जागा मात्र कधीच नाही. प्रथमदर्शनी हे क्रूर वाटतं. उठवलंही त्यालाच आणि वाईट जागाही त्यालाच! पण थांबून विचार करा. त्याला पुढच्या डावाला हप्ता भरायचाच होता. तिथे भरला असता, इथे भरेल. त्याचं काही गेलं नाही, काही वाचलंही नाही. जागा बदलली, देणं तेवढंच राहिलं.

हा नियम माणूस कोण आहे हे विचारत नाही. त्याच्याकडे चिप्स किती, तो नवखा की मुरलेला, त्याचे गुडघे दुखतात का, काहीच नाही. फक्त एकच प्रश्न: पुढचा हप्ता कुणाचा?

हे मला कळायला बराच उशीर झाला, आणि शिकवणी महागात पडली. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आमच्या बेसमेंटमध्ये मंडळींनी एक स्पर्धा ठेवली. पैसे नव्हते, बक्षीस म्हणून एक पितळी तांब्या होता, आणि त्या तांब्यासाठी लोक जे काही खेळले ते मी अजून विसरलेलो नाही. सतरा जण, दोन टेबलं, संचालक मी. तासाभरात एका टेबलावर नऊच होते आणि दुसऱ्यावर सहा उरले. एकाला हलवायचं होतं. नियमाप्रमाणे पाळी एका मित्राच्या वडिलांची होती, काका पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. मी बघितलं तर ते एकुलत्या एका बऱ्या खुर्चीत, पाठीला उशी घेऊन, चहाचा कप शेजारी ठेवून बसलेले. दुसऱ्या टेबलाला घडीच्या लोखंडी खुर्च्या. मी म्हटलं, असू दे. आणि त्यांच्या पलीकडे बसलेल्या एका वहिनींना म्हटलं, “वहिनी, तुम्ही जाल का तिकडे?” त्या गेल्या. त्यांनी दोनच डावांपूर्वी बिग भरला होता. तिकडे बसताच परत भरला आणि अर्ध्या तासात बाद झाल्या.

निघताना गाडीपाशी त्या म्हणाल्या, “भाऊजी, मला उठवणं सोपं वाटलं ना तुम्हाला?” हसत म्हणाल्या, पण हसण्याचं काही नव्हतं त्यात. मी काहीतरी सारवासारव केली. आणि काका? त्यांना हे दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा ते जास्त चिडले. बँकेतली चौतीस वर्षांची नोकरी, अकरा बदल्या. म्हणाले, “अरे, माझी पाळी होती तर मला सांगायचं. बदलीच्या ऑर्डरवर कारण कधी लिहिलेलं नसायचं, पण कोणत्या नियमाखाली हलवताहेत तो क्रमांक असायचा. तू तर तोही ठेवला नाहीस.”

मी चांगल्या मनाने केलं होतं. नेमकं तेच चुकलं होतं. काकांवर माया आणि वहिनी ‘समजून घेतील’ हा हिशेब, दोन्ही मिळून एक पक्षपात तयार झाला होता, आणि ज्याच्यावर माया केली तोही दुखावला. समोर माणूस दिसला की आपण त्याला बघून ठरवतो. म्हणून तर हे काम यंत्राकडे द्यावं असं कुणालाही वाटेल. यंत्राला उशी दिसत नाही.

आता माझ्या त्या रविवारकडे परत येऊ. वरचा नियम कळल्यावर माझी शंका उलट वाढली. मी नुकताच बिग आणि स्मॉल दोन्ही भरून मोकळा झालो होतो. समतोलासाठी माणूस हवा असेल तर मी टेबलावरचा शेवटचा उमेदवार. मग मलाच का उचललं? शिवाय नव्या टेबलावर माझ्या जुन्या टेबलावरचं एकही नाव नव्हतं. याचा अर्थ मी एकटाच हललो, असं मी धरून चाललो. मित्राचं ‘सेट असतं’ खरं ठरू लागलं.

दोन दिवसांनी डावांच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तेव्हा उलगडा झाला. स्पर्धेत ६४ जण उरले होते, आठ टेबलांवर आठ आठ. नेमका आमच्या टेबलावर एक जण बाद झाला आणि ६३ उरले. नऊच्या सात टेबलांवर ६३ जण बरोबर मावतात. म्हणजे एक टेबल मोडायची वेळ झाली, आणि मोडलं ते आमचं. आम्ही उरलो होतो सात. बाकीची टेबलं सात, प्रत्येकावर एकच खुर्ची रिकामी. सात जण सात दिशांना गेले. मी एकटा पडलो नव्हतो, आम्ही सगळेच एकटे पडलो होतो. (इथे परदेशस्थांच्या मासिकात एक रूपक आयतं तयार आहे, हे मलाही दिसतंय. तुमची क्षमा मागून ते तसंच ठेवतो.)

टेबल मोडणं आणि टेबलं समतोल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे नियमही वेगळे. समतोलात हप्ता बघून माणूस निवडतात. टेबल मोडलं की मात्र सोडत. कॅसिनोत संचालक जागांच्या चिठ्ठ्या पिसून, दोन टप्प्यांची सोडत करून प्रत्येकाला जागा देतो, आणि नव्या जागेचे हक्क आणि देणी त्या माणसाला चिकटतात. तिथे बिग असेल तर बिग भरा. बटन आणि स्मॉल ब्लाइंडच्या मध्ये जागा आली तर तेवढं बटन पुढे सरकेपर्यंत थांबा, पत्ते मिळणार नाहीत. मी खेळतो तिथल्या नियमांच्या पानावरही हेच, फक्त दोन वाक्यांत: टेबल मोडल्यावर जागा यादृच्छिक पद्धतीने दिली जाते. तर माझ्यावर अन्याय झाला नव्हता. चिठ्ठी वाईट निघाली होती.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यात आहे आणि ती सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.

कॅसिनोत टेबल मोडताना चिठ्ठ्या का टाकतात? कारण दुसरं काही करणं माणसाला झेपत नाही. सात टेबलं दूर दूर मांडलेली, प्रत्येकावर बटन वेगळ्या ठिकाणी, डाव चालू. रिकामी खुर्ची बिग ब्लाइंडपासून किती लांब आहे हे सातही ठिकाणी पळत जाऊन बघेपर्यंत ते बदललेलं असेल. चिठ्ठी हा नाइलाज आहे, पण चांगला नाइलाज, कारण ती सगळ्यांसमोर पिसली जाते. ऑनलाइन सर्व्हरला असा कोणता नाइलाज आहे? त्याला प्रत्येक टेबलावरचं बटन कुठे आहे हे क्षणाक्षणाला ठाऊक असतं. त्याने एवढंच करायचं: मोडलेल्या टेबलावरच्या सात जणांना बिग ब्लाइंड कुणाला आधी येणार त्या क्रमाने लावायचं, सात रिकाम्या खुर्च्याही त्याच क्रमाने लावायच्या, आणि पहिल्याला पहिली, सातव्याला सातवी. ज्याचा हप्ता पुढच्या डावाला होता त्याला सगळ्यात जवळची खुर्ची, मी नुकताच भरून मोकळा झालो होतो म्हणून मला सगळ्यात लांबची. बरोबरी झाली तर तिथे चिठ्ठी. सगळ्यांचं देणं तंतोतंत जुळणार नाही, कारण रिकाम्या खुर्च्या कुठे असतील ते आपल्या हातात नाही. पण त्या रात्री मी दोनदा भरले आणि ज्याची पाळी तोंडावर आली होती त्याला कदाचित सहा डाव फुकट मिळाले, असं सहसा होणार नाही. हे गणित दहावीतला मुलगा लिहील.

यावर दोन उत्तरं मिळतात. पहिलं: लांब पल्ल्यात सगळं सारखं होतं. आज तुम्ही दोनदा भरलंत, उद्या तुमची पाळी चुकेल. वर्षाला दोन हजार स्पर्धा खेळणाऱ्या धंदेवाईक खेळाडूसाठी हे खरंच आहे. मी बारा खेळतो. त्यातल्या बक्षिसाच्या उंबरठ्यापर्यंत दोन-तीनदा पोचतो, आणि तिथे टेबल मोडणं एखाद-दुसऱ्या वेळी होतं. माझा लांब पल्ला माझ्या आयुष्यापेक्षा लांब आहे. शिवाय हेच उत्तर खरं असेल तर समतोलाच्या वेळीही चिठ्ठीच टाका की, तिथे हप्ता का बघता? एका दाराला कुलूप आणि शेजारचं उघडं, असं का?

दुसरं उत्तर जास्त विचाराचं आहे. क्रम ठरलेला असला की लोक त्याचा फायदा उठवतील. खरं तर उलट आहे. चिठ्ठी आहे म्हणूनच फायदा उठवता येतो. समजा टेबल मोडणार हे तुम्हाला जाणवलं आणि बिग ब्लाइंड तुमच्यावर येऊन ठेपला आहे. तुम्ही काय कराल? घड्याळ संपेपर्यंत विचार केल्याचं नाटक करत बसाल, कारण तेवढ्यात टेबल मोडलं तर चिठ्ठीत पाळी चुकण्याची चांगली शक्यता आहे. क्रमाने बसवलं तर रेंगाळून काहीच मिळत नाही, देणं तुमच्यामागे येतंच. एकमेकांना ओळखणाऱ्यांनी संगनमत करून शेजारी बसू नये, ही चिठ्ठीची खरी कामगिरी. पण रिकाम्या खुर्च्या कुठे असतील हे कुणालाच आधी माहीत नसल्याने ती भीती क्रमातही विशेष वाढत नाही.

देणं सारखं करता येतं. शेजारी सारखे करता येत नाहीत, आणि करू नयेत. पोकरमध्ये शेजारी फार महत्त्वाचा. भरपूर चिप्स घेऊन दांडगाई करणारा तुमच्या उजवीकडे असेल तर तो आधी बोलतो आणि तुम्ही बघून ठरवता. डावीकडे असेल तर तुम्ही काहीही केलं तरी तो मागून येऊन बसतोच. त्या रात्री माझ्या डावीकडे असाच एक जण होता, आणि माझं बाद होणं निम्मं त्याच्या खात्यावर जातं. पण ‘याला दांडगट शेजारी नको’ असं कुणी ठरवायला लागलं की आपण परत बेसमेंटमध्ये आलो, काकांच्या उशीपाशी. कोण दांडगट, कोण गरीब, हे ठरवणारा कुणी नको. हप्ता मोजता येतो म्हणून तो मोजावा. बाकीचं नशिबावर सोडावं, त्यात खेळाची मजाही आहे.

एक जात अशी आहे जिने हा प्रश्न मुळातूनच सोडवला. २०१० मध्ये फुल टिल्टने ‘रश’ आणि २०१२ मध्ये पोकरस्टार्सने ‘झूम’ आणलं. त्यात तुम्ही पत्ते टाकले की त्याच क्षणी नव्या टेबलावर, नव्या माणसांत बसता. टेबल असं उरतच नाही. आणि तिथे बिग ब्लाइंड कुणी भरायचा? ज्याने सगळ्यात जास्त डावांत भरलेला नाही त्याने. म्हणजे खुर्ची गेली तरी देण्याचा हिशेब माणसाच्या नावावर ठेवता येतो, हे या धंद्याला चांगलं ठाऊक आहे. मला तो प्रकार आवडत नाही. अनोळखी माणसांशी तासभर बसून हळूहळू त्यांची खोड ओळखणं हाच तर पोकरचा गाभा, आणि तो तिथे नाही. पण हिशेब बरोबर आहे.

माझी दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. कॅसिनोतली चिठ्ठी डोळ्यांसमोर पिसतात. ऑनलाइन चिठ्ठी कुठे पिसली जाते? पत्ते पिसण्याबद्दल कंपन्या पुष्कळ सांगतात, प्रमाणपत्रं लावतात. त्याला कारण इतिहासात आहे. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर या संकेतस्थळाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एएसएफ कंपनीने आपली पिसण्याची पद्धत प्रामाणिक आहे हे दाखवायला ती प्रसिद्ध केली. संगणक सुरक्षेच्या काही अभ्यासकांनी ती वाचली आणि त्यांना दिसलं की सुरुवातीचा आकडा मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून घेतला जातो. दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख, म्हणजे जोडही फक्त तेवढेच. बावन्न पत्त्यांचे खरे क्रम लिहायला ६८ आकडी संख्या लागते. आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून त्यांनी शक्यता दोन लाखांच्या आसपास आणल्या, आणि स्वतःच्या हातातले दोन आणि टेबलावर उघडलेले तीन असे पाच पत्ते कळताच सगळ्यांच्या हातातले पत्ते सांगून दाखवले. कंपनीची फजिती झाली, पण पद्धत उघड केली होती म्हणूनच चूक सापडली आणि सुधारली गेली.

दुसरी गोष्ट २००७ ची. अॅब्सोल्यूट पोकरवर एक खेळाडू समोरच्याचे पत्ते दिसत असल्यासारखा खेळत होता. ते खरंच दिसत होते, आतल्या एका खात्यातून. ते कसं उघडकीला आलं? दुसऱ्या आलेल्या खेळाडूने डावांच्या नोंदी मागितल्या आणि कंपनीने चुकून सगळ्यांच्या पत्त्यांसकट पूर्ण फाइल पाठवली. त्यात टेबलावर नुसते बघत बसलेल्या खात्यांचीही नोंद होती, आणि तिथे एक प्रेक्षक सापडला. कोण कोणत्या टेबलावर होतं, या कंटाळवाण्या नोंदीने ते प्रकरण फोडलं.

आणि आमच्या जागाबदलाचं? एक ओळ. ‘हलवण्यात आलं आहे.’ टेबल मोडलं की समतोल केला, तेही नाही. उठवताना मी हप्त्यापासून किती लांब होतो आणि आता किती, ते नाही. आता कोणतं टेबल मोडणार, याची यादी चांगल्या कॅसिनोत फळ्यावर लावलेली असते. इथे मला ती कुठेही सापडली नाही. मी कंपनीला लिहिलं. तीन दिवसांनी नम्र उत्तर आलं की सर्व जागा यादृच्छिक असतात आणि कोणत्याही खेळाडूला लक्ष्य केलं जात नाही. मी लक्ष्य केल्याचा आरोपच केला नव्हता. मी कारण विचारलं होतं.

म्हणजे ऑनलाइनवाल्यांनी कॅसिनोकडून नेमकी उलटी गोष्ट उचलली. चिठ्ठीची मर्यादा घेतली, जी त्यांना घ्यायची गरज नव्हती. आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर पिसण्याची रीत सोडली, जी सोडायला नको होती. माझ्या मित्राचा ‘सेट असतं’ हा संशय खोटा आहे, पण तो कुठून येतो ते मला दिसतं. दोन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसायची ज्याची तयारी नाही त्याने काय समजावं? तो आता खेळत नाही. मी त्याला ६४ आणि ६३ चा हिशेब फोनवर समजावला, त्याने ऐकून घेतला, आणि म्हणाला, “हे त्यांनी सांगायला पाहिजे होतं, तू नाही.”

बेसमेंटमधली स्पर्धा या हिवाळ्यातही झाली. पहिल्यांदा टेबलं असमान झाली तेव्हा मी दोन्ही टेबलांना ऐकू जाईल असं म्हटलं, “पुढचा बिग कुणाचा?” काकांचा होता. ते चहाचा कप घेऊन उठले, लोखंडी खुर्चीवर बसले, आणि बसल्या बसल्या बिग ब्लाइंड पुढे सरकवला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, बोलल्या काही नाहीत. तांब्या त्यांनीच नेला.

गेल्या रविवारी मी परत खेळलो. पावणेअकराला तीच ओळ आली, टेबल क्रमांक २. यावेळी माझी पुढच्याच डावाला बिग भरायची पाळी होती, आणि नव्या टेबलावर बसताच मी बिग भरला. हिशेब चोख होता. तरी डाव सोडून मी बाकीच्या टेबलांवरची डोकी मोजत बसलो, आणि तेवढ्यात घड्याळ संपून माझे पत्ते आपोआप टाकले गेले. दोन राण्या होत्या.